सतरा गाठी

विहिरीच्या दोराला माझ्या सासऱ्याने वीस गाठी मारल्या होत्या.
ईस्टरच्या सुमारास पाणी नवव्या गाठीला लागायचं.
आज सकाळी दोर सोडला,
सतरावी गाठसुद्धा कोरडी वर आली,
अठरावी जेमतेम ओली.

गॅरिफालिया कुंपणापलीकडून विचारते, किती?
मी म्हणते, आहे.
तिच्या शेळ्यांना आकडे सांगून काय उपयोग.

आमच्या गावाचं पोट पाइनच्या झाडांवर.
खोडाची साल वीतभर सोलायची,
खाली पिशवी बांधायची
आणि थांबायचं.
झाड रडतं त्यावर आपण जेवतो,
असं स्तामातिस लग्नाआधी म्हणाला होता.
मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.
आता या पिशव्या बघते, राळेने तट्ट भरलेल्या,
डोंगरभर
आम्हीच तेल घालून मांडून ठेवलेल्या पणत्या.
काडी लावायची तेवढी बाकी.

आग पलीकडच्या खोऱ्यात आहे, अकरा दिवस.
दिवसा ती दिसत नाही,
वाळत घातलेल्या चादरीवर मात्र राख सापडते,
कधी अख्खं पान, शिरांसकट,
हात लावला की नाहीसं होणारं.
रात्री कड्याच्या काठाने
लाल शिवण उसवत जाते.
सकाळी भेटल्यावर आता कुणी कसं काय विचारत नाही.
विचारतात, वारा कुठला?

दाराशी पिशवी भरून ठेवली आहे.
घराची कागदपत्रं, स्तामातिसच्या दम्याचा पंप,
थोरल्याच्या बाप्तिस्म्याची अर्धी मेणबत्ती,
आणि का कोण जाणे, चहाची गाळणी.
रोज एक वस्तू आत घालते, एक बाहेर काढते.
काल लग्नाचा फोटो काढला, बॅटरी घातली.
फोन किंचाळतो: सज्ज राहा.
अरे बाबा, सज्ज राहून राहून कंबर मोडली.

मंगळवारी दुपारी ढग आला.
पांढराशुभ्र, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर फुगत.
लेमोनियाने सवयीने कपडे आत नेले.
चर्चच्या पायरीवर म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.
कोस्मास पंपाचा पाइप जोडत होता,
मान वर न करता म्हणाला,
तो ढग नाही. ते जंगल आहे.
आपलं जंगलच उभं राहिलंय तिथे.

तरी थेंब पडले.
ट्रॅक्टरच्या बॉनेटवर सात. मी मोजले.
काळे.

आणि एकदम नको मागू, कोस्मास म्हणाला,
जळक्या उतारावर पाण्याचा हात धरायला कुणी नसतं,
ते थेट तुझ्या स्वयंपाकघरात येईल.
तेव्हापासून माझी प्रार्थना
तहसील कचेरीतल्या अर्जासारखी झाली आहे:
यावा, पण हळू यावा.
वारा पडल्यावर यावा.
आधी पलीकडे, मग आमच्याकडे,
गॅरिफालियाचं वाळवण आत घेऊन झाल्यावर,
विजेशिवाय.
इतक्या अटी घातल्यावर
कोण येईल?

संध्याकाळी स्तामातिस एकटाच वर गेला,
घराजवळच्या चाळीस झाडांच्या पिशव्या सोडून घेऊन आला.
या हंगामाची कमाई
त्याने ओढ्याच्या कोरड्या पात्रात दगडांखाली पुरली.
हात कोपरापर्यंत चिकट.
पाण्याने राळ निघत नाही, आणि पाणी होतं कुठे?
मी ऑलिव्हचं तेल घेतलं,
त्याचा एकेक तळवा मांडीवर घेऊन चोळत बसले.
बोलायला काही नव्हतं.
अर्ध्यातच त्याला झोप लागली,
दुसरा हात तसाच राहिला.

मग मी अंधारात विहिरीवर गेले.
दोर सोडला, ओढला,
गाठी बोटांनी चाचपत मोजल्या.
चौदा, पंधरा, सोळा.
सतरावी ओली लागली.
पुन्हा चाचपली. ओलीच.

की माझ्याच बोटांचं तेल?
वास घेऊन बघता आला असता.
मी दोर गुंडाळला आणि घरात आले.